ड्रमकडून डिस्ककडे : जुन्या मोटारीच्या ब्रेकचे रूपांतर

मोटारीला वेग देणे हे इंजिनाचे काम, तर तो वेग हवा तेव्हा परत घेणे हे ब्रेकचे काम होय. यांपैकी पहिल्या कामाचे कौतुक पुष्कळ होते. दुसरे काम बिनचूक चालते तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु इंजिन बंद पडले तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते, आणि ब्रेक निकामी झाला तर ती उभी राहत नाही. दोहोंतील भेद एवढ्या एका वाक्यात सामावलेला आहे.

लखनौ शहरात विधानभवन आणि हजरतगंज यांच्या परिसरात अनेक दशके पांढऱ्या ॲम्बॅसडर मोटारी सरकारी कामासाठी धावत असत. कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ च्या सुमारास ही मोटार तयार होऊ लागली. तिचा मूळ नमुना इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीच्या तिसऱ्या मालिकेचा होता. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आता ती हौशी लोकांच्या संग्रहातील वस्तू झाली आहे. जुन्या ॲम्बॅसडरच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबाने चालणारे ड्रम ब्रेक असत. शहरातील संथ रहदारीला ते पुरेसे होते. पण २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात सुमारे ३०२ किलोमीटर लांबीचा लखनौ–आग्रा द्रुतगती मार्ग खुला झाला. अशा मार्गावर जुनी मोटार घेऊन जावयाचे म्हटले की मालकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : ड्रम काढून त्यांच्या जागी डिस्क ब्रेक बसवावेत काय? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर मात्र पदार्थविज्ञानाच्या पायऱ्या चढूनच गाठावे लागते.

ब्रेक म्हणजे उष्णतेचे यंत्र

धावत्या मोटारीत गतिज ऊर्जा साठलेली असते. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे केवळ रूप बदलते. ब्रेक लावला असता घर्षणामुळे या गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि ती लोखंडात शिरून पुढे हवेत जाते. म्हणून कोणत्याही ब्रेकची खरी परीक्षा त्याने किती उष्णता निर्माण केली यापेक्षा ती किती लवकर बाहेर टाकली यात असते.

माणसांसह मोटारीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम आहे असे मानू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात सुमारे १३५ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर केला की ऊर्जा दुप्पट होत नाही. ती चौपट, म्हणजे सुमारे ५४० किलोज्यूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार ड्रममध्ये मिळून २० किलोग्रॅम लोखंड आहे आणि सर्व उष्णता त्यातच गेली असे धरले, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा थांबताना त्याचे तापमान सुमारे ५९ अंश सेल्सिअसने चढेल. एवढ्याने काही बिघडत नाही. परंतु लोखंड निवण्यापूर्वीच असा प्रसंग पाच वेळा आला, तर ही वाढ तीनशे अंशांच्या घरात जाते. शिवाय लखनौच्या ज्येष्ठ महिन्यात हवेचेच तापमान चाळीस अंशांपलीकडे असते.

ड्रमचा अदृश्य सहायक

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडाचे उथळ भांडे होय. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर घर्षणक्षम लायनिंग चिकटवलेले अथवा रिव्हेटने बसवलेले असते. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो. तो नळ्यांतून चाकाजवळील व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि शू बाहेर रेटले जाऊन ड्रमच्या आतील पृष्ठावर घासतात.

ड्रमच्या अंगी एक विशेष गुण आहे. दाराखाली पाचर सारून ठेवली आणि दार तिच्या दिशेने ढकलले, तर पाचर अधिकच घट्ट बसते. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेला तोंड करून असलेल्या शूचे तसेच होते. फिरता ड्रम त्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि चालकाच्या पायाचा जोर आपोआप वाढतो. अभियंते शूवरील दाब आणि त्यातून मिळणारे घर्षण यांचे गुणोत्तर काढतात. साध्या ड्रममध्ये हे गुणोत्तर दोनच्या आसपास असते. डिस्कमध्ये ते सुमारे ०.८ एवढेच भरते. म्हणूनच जुन्या मोटारी कोणत्याही बूस्टरवाचून केवळ पायाच्या बळावर थांबत.

पण हा सहायक लहरी आहे. लायनिंगचे घर्षण थोडे कमी झाले की पाचरीचा परिणामही घटतो आणि ब्रेकचा जोर त्याहून अधिक उतरतो. एका बाजूच्या लायनिंगला तेल किंवा पाणी लागले तर मोटार दुसऱ्या बाजूला ओढली जाते. तापल्यावर तर दुहेरी संकट येते. लायनिंगचे घर्षण कमी होते आणि त्याच वेळी ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो. २२९ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंच व्यासाचा लोखंडी ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. तेवढे अंतर भरून काढण्यासाठी पेडल अधिक खाली जाते. लांब उतारावर ‘ब्रेक लागेनासा झाला’ अशी चालकांची जी तक्रार असते तिचे मूळ येथे आहे.

डिस्कची रचना

डिस्क ब्रेकमध्ये भांड्याऐवजी उघडी चकती असते. कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही अंगांनी पॅडच्या साहाय्याने दाबतो. सायकलच्या चाकाची कडा दोन रबरी गुटक्यांत धरणारा ब्रेक प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेला असतो. तत्त्वतः तो डिस्क ब्रेकचाच भाऊ होय.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे एकस्व घेतले होते. परंतु योग्य घर्षणद्रव्ये आणि पुरेसा द्रवदाब यांवाचून ती मोटारीत दीर्घकाळ रुजली नाही. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५५ साली सित्रोएन डीएस या प्रवासी मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या. ॲम्बॅसडरच्या गोतावळ्यातही हा बदल झाला. ज्या घराण्याचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ॲम्बॅसडरला मिळाले, तेच इंजिन १९५५ सालच्या एमजीए या इंग्रजी मोटारीत होते. तिला आरंभी चारही ड्रम होते. १९५९ साली इंजिन मोठे झाले तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क देण्यात आल्या. मागचे ड्रम मात्र कायम राहिले.

उघडी असल्यामुळे चकतीला वाऱ्याचा स्पर्श सतत होतो आणि ती लवकर निवते. ती तापून जाड झाली तर पॅडकडे सरकते, त्यांच्यापासून दूर जात नाही. पावसाचे पाणी फिरत्या चकतीवरून फेकले जाते आणि उरलेले पॅड पुसून काढतात. श्रावणात तुंबलेल्या रस्त्यातून मोटार बाहेर काढल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणी सुकवण्यासाठी पेडल हलके दाबून काही अंतर जावे लागते. डिस्कच्या बाबतीत हे काम बहुतांशी आपोआप होते.

एक गैरसमज

डिस्क बसवली की मोटार निम्म्या अंतरात थांबेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. ब्रेक चाकाला थांबवतो, पण मोटारीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाचा जोर. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणक ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटरवरून थांबावयास सुमारे १४ मीटर आणि ताशी १०० किलोमीटरवरून सुमारे ५६ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे सुमारे १४ आणि २८ मीटरांची भर पडते. जो नीट राखलेला ड्रम ब्रेक चाक अडकण्याच्या सीमेपर्यंत जोर देऊ शकतो, त्याच्या जागी डिस्क आणल्याने पहिल्या थांबण्याच्या अंतरात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दहाव्या थांबण्यात, लांब उतारावर, पावसात, आणि चालकाच्या पायाला मिळणाऱ्या सूक्ष्म नियंत्रणात.

यावरून पहिला नियम निघतो. ज्या मोटारीचे ड्रम झिजलेले, लायनिंग तेलकट आणि नळ्या जीर्ण आहेत, तिला प्रथम तिचाच मूळ ब्रेक दुरुस्त करून द्यावा. पुष्कळदा मालक ज्याला ड्रमचा दोष समजतो, तो केवळ हयगयीचा दोष असतो.

साखळीतील कड्या

तरीही रूपांतर करावयाचे ठरले, तर ते एका भागाची अदलाबदल नसून संपूर्ण साखळीची पुनर्रचना आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. ब्रिटनमधील हौशी लोक जुन्या मॉरिस मायनर गाडीला नंतरच्या मॉरिस मरीना गाडीच्या पुढच्या डिस्क बसवतात. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनचे नाते असल्यामुळे ते साधते. जेथे असे नाते नाही तेथे प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

पहिली कडी पायाच्या जोराची. डिस्कला पाचरीचा लाभ मिळत नाही, म्हणून तिला द्रवाचा दाब अधिक लागतो. पायाने ३०० न्यूटन जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर मास्टर सिलिंडरवर १,५०० न्यूटन येतात. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५.३ न्यूटन दाब मिळतो. तोच व्यास २२ मिलिमीटर केला तर दाब ३.९ वर उतरतो. मोठा सिलिंडर द्रव अधिक लोटतो पण दाब कमी देतो. लहान सिलिंडर दाब अधिक देतो पण पेडल खोल जाते. कॅलिपरच्या पिस्टनशी जुळणारा मधला व्यास हिशेबानेच निवडावा लागतो. जोर कमी पडल्यास व्हॅक्युम बूस्टर जोडतात. पेट्रोल इंजिनाच्या इनलेट मॅनिफोल्डमधील निर्वातावर तो चालतो. डिझेल इंजिनात तसा निर्वात नसल्यामुळे वेगळा व्हॅक्युम पंप लागतो.

दुसरी कडी दिसावयास क्षुल्लक, पण सर्वांत फसवी आहे. ड्रम ब्रेकच्या नळ्यांत, पेडल सोडल्यावरही, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम इतका किंचित दाब राखणारी झडप असते. शूच्या स्प्रिंगा जोरदार असल्याने त्या दाबाने शू ड्रमला लागत नाहीत. कॅलिपरमध्ये तशा स्प्रिंगा नसतात. ही झडप तशीच राहिली तर पॅड चकतीला सदैव चिकटून घासत राहतात. काही किलोमीटरांत चकती तापते, ब्रेक ऑइल उकळू लागते, आणि चालकाला त्याचा पत्ता लागतो तो पेडल जमिनीला टेकल्यावर. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल तर डिस्कच्या नळीतही झडप लागते. मात्र ती पुष्कळ कमी दाबाची असावी लागते.

तिसरी कडी ब्रेक ऑइलची. नावात ऑइल असले तरी ते खनिज तेल नव्हे; खनिज तेल घातल्यास रबरी सीले फुगून निकामी होतात. ग्लायकोलवर आधारलेला हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश असतो. बाष्प शोषल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचवत नाही. म्हणून द्रव ठरावीक काळाने बदलणे आणि नळ्यांतील हवा पूर्ण काढणे हा या कामाचा अर्धा भाग आहे.

चौथी कडी पुढच्या-मागच्या समतोलाची. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे झुकतो. चाकांच्या आसांमधील अंतर २.४६ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट धरले, तर १,४०० किलोग्रॅमच्या मोटारीत सुमारे २०० किलोग्रॅमचा भार मागून पुढे जातो. उभी असताना ज्या दोन आसांवर सातशे-सातशे किलोग्रॅम होते, तेथे पुढे नऊशे आणि मागे पाचशे होतात. दाब वाढवला, बूस्टर जोडला आणि मागचे ड्रम जसेच्या तसे ठेवले, तर हलकी झालेली मागची चाके आधी अडकतात आणि मोटार गरकन फिरते. यासाठी मागच्या नळीत दाब मर्यादित करणारी झडप घालावी लागते किंवा मागचे व्हील सिलिंडर लहान करावे लागतात.

पाचवी कडी सुरक्षिततेची. अनेक जुन्या मोटारींत चारही चाकांसाठी एकच द्रवमार्ग असतो. एक नळी फुटली की सर्व ब्रेक जातात. रूपांतर करतानाच दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा केल्यास एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा शिल्लक राहतो. डिस्क बसवण्याहूनही ही सुधारणा कदाचित अधिक मोलाची आहे. मागच्या ड्रमवर चालणारा हँडब्रेक शाबूत राहिला पाहिजे. तसेच पंधरा इंची चाकाच्या आत कॅलिपर न घासता बसतो की नाही, आणि त्याचा ब्रॅकेट स्टब ॲक्सलला पक्का बसला आहे की नाही, हे चाक हाताने फिरवून आणि मोजमाप घेऊन पाहावे.

जुने लायनिंग काढताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. पूर्वीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये; ती ओली करून पुसावी आणि बंद पिशवीत टाकावी.

लखनौमधील रुळांवरचा धडा

मोटारीहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न लखनौतील एका संस्थेपुढे आला. शहराच्या मानकनगर भागात भारतीय रेल्वेची अभिकल्प व मानक संशोधन संस्था आहे. तिचीही स्थापना १९५७ सालची. रेल्वेच्या डब्यांचे, इंजिनांचे आणि त्यांच्या ब्रेकचे अभिकल्प व मानके ठरवणे हे तिचे काम.

पेरांबूरच्या कारखान्यातील जुन्या पद्धतीच्या प्रवासी डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या धावेवर दाबले जात. म्हणजे जे चाक भार वाहते, रुळावर धावते, तेच उष्णताही झेलते. सन २००० च्या सुमारास जर्मन बनावटीचे एलएचबी डबे भारतात आले आणि पुढे कपूरथळा येथे तयार होऊ लागले. त्यांच्या प्रत्येक आसावर दोन चकत्या बसवलेल्या असतात आणि ब्रेक त्यांना पकडतो. चाकाची धाव मोकळी राहते. २०१८ साली पेरांबूर येथे जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन बंद झाले.

येथेही एका भागाबरोबर दुसरा बदलावा लागला. धावेवर घासणारा ठोकळा चाकाचा पृष्ठभाग साफ आणि खरबरीत ठेवी. तो गेल्यावर ओल्या रुळावर चाक अडकून घसरण्याचा संभव वाढतो. म्हणून या डब्यांत प्रत्येक आसाची गती मोजून ब्रेकचा दाब क्षणभर सैल करणारी यंत्रणा जोडलेली असते. शेकडो प्रवाशांची गाडी असो की चार माणसांची मोटार, डिस्क एकटी येत नाही, हाच दोहोंचा बोध आहे.

कायदा आणि निर्णय

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनातील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ साली स्वतंत्र नोंदणीचे नियम करण्यात आले. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यांत अट आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर. काढलेले मूळ भाग खुणा करून जपून ठेवावेत, आणि शक्यतो मूळ लोखंडाला नवे भोक न पाडता काम करावे. म्हणजे पुढच्या पिढीला मोटार पूर्ववत करता येईल.

काम पूर्ण झाल्यावर पहिली चाचणी रहदारीत घेऊ नये. मोटार उभी असताना पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहे. मग मोकळ्या, सपाट जागी अल्प वेगाने थांबून मोटार सरळ राहते की नाही ते पाहावे. थोडे अंतर गेल्यावर चाकांजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, कोणते चाक अधिक तापले ते अजमावावे. ब्रेक न लावताही एखादे चाक तापले असेल, तर दुसरी कडी पुन्हा तपासावी.

जी मोटार रविवारी सकाळी गोमतीकाठी फेरी मारून परत येते, तिला उत्तम राखलेले ड्रम पुरेसे आहेत. जी द्रुतगती मार्गावर माणसे घेऊन जाणार आहे, तिला डिस्कचा लाभ निश्चित आहे; पण तो पूर्ण साखळी बदलली तरच. अर्धवट रूपांतर जुन्या ब्रेकपेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण जुन्या ब्रेकच्या मर्यादा चालकाला ठाऊक असतात, अर्धवट ब्रेकच्या ठाऊक नसतात.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या घ्याव्यात, एक लहान व एक मोठी. पाण्याने भरून त्या रबरी नळीने जोडाव्यात. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबला असता मोठीचा दट्ट्या किती सरकतो आणि किती जोराने सरकतो, ते नोंदवावे. नंतर नळीत हवेचा एक बुडबुडा सोडून हाच प्रयोग पुन्हा करावा.

प्रश्न

१. वेग तिप्पट झाला तर ब्रेकला किती पट उष्णता सोसावी लागेल?
२. मोटार मागे जात असताना ड्रममधील कोणत्या शूला पाचरीचा लाभ मिळेल?
३. मागच्या चाकांआधी पुढची चाके अडकणे तुलनेने कमी धोक्याचे का मानतात?
४. सायकलच्या कडेवरील ब्रेक पावसात कमी का लागतो, आणि मोटारीच्या डिस्कला तीच अडचण कमी का भासते?